शिडाची खालची कड: मोकळी सोडावी की बुमला बांधावी

कामाच्या नोंदी, पवनी तालुका, जि. भंडारा

२ डिसेंबर

होडीच्या बुडाला रंगाचा शेवटचा हात बसला. मरीन प्लाय आणि इपॉक्सीची १९ फुटी होडी, मधे वरखाली होणारा सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात सोडायची फळी, पुढे दोन माणसं पाय लांब करून झोपतील एवढी केबिन. धाकट्या भावाला शेड धानासाठी हवी आहे, म्हणून होडी आता बाहेर बाभळीखाली, ताडपत्रीत. तूर्त हिचं पाणी म्हणजे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा. धरणाची भिंत आणि दारं लांब ठेवून वर अंभोऱ्याकडे निघायचं, काठाला मुक्काम करायचा, परत यायचं. पुढे ट्रेलरवर घालून कोकणात न्यायचा विचार आहे, तेव्हा शीड समुद्राच्या वाऱ्याला पुरेल असंच करायचं.

डोलकाठी तयार आहे. पुढचं छोटं शीड जुनं, एका ओळखीच्या होडीवरून उतरलेलं, ते चालेल. अडलंय मुख्य शीड. उंची ६.२ मीटर, खालची कड ३ मीटर, क्षेत्रफळ साधारण १० चौरस मीटर, इथवर काही वाद नाही. वाद त्या तीन मीटरच्या कडेचा. ती सबंध लांबीभर बुमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, धरून ठेवायची, की पुढचा आणि मागचा कोपरा तेवढा बांधून मधली कड मोकळी सोडायची?

६ डिसेंबर

वाटा चार दिसतात. सगळ्यांत जुनी म्हणजे कडेला दोर शिवायचा आणि दोरीचे वेढे देत कड बुमला बांधून टाकायची. सुती शिडांच्या काळात याला कारण होतं. सुती कापड ताण आला की लांबतं, ओलं झालं की आखडतं, कडेला दोराचा आधार नसेल तर शिडाचा आकार हंगामभरही टिकत नाही. कापसाच्या मुलखात बसून सुती शिडाचा मोह होतोच, पण तो इथेच सोडला. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये निघाला आणि पन्नाशीच्या दशकात त्याचं घट्ट विणलेलं कापड शिडांत आलं. ते फारसं ताणत नाही. त्यामुळे सबंध कड धरून ठेवण्याचं मूळ कारणच बरंचसं गेलं, सवय मात्र राहिली.

दुसरी वाट, तोच दोर बुमच्या खाचेत सरकवायचा. दिसायला सर्वांत नीटनेटकी. अॅल्युमिनियमच्या तयार बुमला खाच असतेच. आपली बूम लाकडी. त्यात तीन मीटर लांब, आत गोल आणि तोंडाशी अरुंद अशी खाच कोरणं म्हणजे राउटर घेऊन दोन तुकड्यांत काम करून मग ते चिकटवणं. एवढं करून पावसाळ्यात लाकूड फुगलं की दोर अडकणार. शिवाय कडेचा दोर वर्षांनुवर्षं हळूहळू आखडत जातो आणि कापड तेवढं आखडत नाही, म्हणून जुन्या शिडांच्या खालच्या कडेला चुण्या पडलेल्या दिसतात.

तिसरी, शेल्फ. कड आणि बूम यांच्या मधे हलक्या कापडाचा भाकरीच्या कोरेसारख्या आकाराचा तुकडा शिवायचा. मागचा कोपरा सैल सोडला की तो उघडतो आणि शिडाचं पोट, म्हणजे वाऱ्याने येणारी फुगीर खोली, खालपर्यंत भरतं, तरी बुमशी फट राहत नाही. शर्यतीच्या होड्यांवर हे फार आवडीने करत. आपल्या होडीत स्टोव्ह, अंथरुणं आणि पाण्याचे कॅन असणार. त्या शेल्फमध्ये पावसाचं पाणी आणि बाभळीचा पाला साठेल, एवढाच फायदा मला दिसतो. बाद.

चौथी, मोकळी कड. यात काही नवं नाही. कोकणातल्या मचव्याच्या शिडाला खाली बूमच नसते, कड मोकळीच असते.

१४ डिसेंबर

आज ओसरीवर सुतळीचा खेळ केला आणि यातून जे दिसलं ते या सगळ्या कामाचं मर्म वाटतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

शिडाच्या खालच्या कडेएवढी, बरोबर ३ मीटर सुतळी घेतली. एक टोक खिळ्याला, ही पुढची बाजू. दुसरं टोक हातात, हा मागचा कोपरा. सुतळी ताठ असेल तर पोट शून्य. आता टोक जरा आत आणायचं आणि सुतळीला जमिनीवर सारख्या कमानीत मांडून मधली खोली मोजायची. पुतण्याने कागदावर सूत्र मांडलं: कमानीची लांबी म्हणजे सरळ अंतर, अधिक खोलीच्या वर्गाची आठ पट भागिले सरळ अंतराची तिप्पट. जमिनीवरचं माप आणि कागदावरचं माप जुळलं.

कोपरा २ सेंटिमीटर आत आणला की पोट होतं १५ सेंटिमीटर, म्हणजे लांबीच्या ५ टक्के. ५ सेंटिमीटर आणला की साडेतेवीस, म्हणजे ८ टक्के. १० सेंटिमीटर आणला की ३३, म्हणजे ११ टक्क्यांच्या थोडं वर. प्रत्यक्ष शिडाची कड खाली थोडी गोलाई देऊन कापतात, त्यामुळे आकडे हुबेहूब हेच येणार नाहीत, पण कल स्पष्ट आहे.

हलक्या वाऱ्यात खालच्या भागाला १० ते १२ टक्के पोट हवं, झोत आले की ते निम्म्याखाली आणायला हवं. म्हणजे सगळा खेळ वीतभर अंतरातला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे पहिले दोन सेंटिमीटर. कोपरा तेवढा जरी सैल पडला तरी सपाट शीड पाच टक्के फुगतं.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मागचा कोपरा ओढणारी दोरी, तिला आउटहॉल म्हणतात, अडथळ्याशिवाय सरकली पाहिजे. खाचेत अडकलेला दोर किंवा बुमला घातलेले वेढे हे दोन-दोन सेंटिमीटर हलू देत नाहीत. तिथे आउटहॉल एकदा बांधला की तसाच राहतो. दुसरी, ही दोरी ताणणारी नको. पवनीच्या बाजारात मिळते ती बैलांची आणि जाळ्यांची नायलॉन दोरी. नायलॉन ताणाखाली सहज लांबतं. म्हणजे जोराचा झोत आला की दोरी लांबणार, कोपरा आत येणार आणि शीड सपाट हवं नेमकं त्याच वेळी फुगणार. पॉलिएस्टरची, आत सरळ गाभा असलेली दोरीच आणायची. खर्चाच्या वहीत टाकली.

२१ डिसेंबर

ताडपत्रीवाल्या भाऊंकडे गेलो. तालुक्यातल्या अर्ध्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं आणि लग्नाच्या मंडपांचं शिवणकाम तेच करतात. कागद पाहून म्हणाले, "चारही कडा बांधाच्या ना जी, मंग एक कड कायले सोडून राहिले?" मी सुतळीचा हिशोब सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग सारा जोर कोपऱ्यावर येईन, त्याचं काय?" इतका नेमका प्रश्न मला कोकणातल्या जाणकारांनीही विचारला नव्हता.

ठरलं ते असं: आधी जाड प्लास्टिक ताडपत्रीचं कच्चं शीड, तेही दोन्ही तऱ्हांनी बांधता येईल असं, खालच्या कडेला वीतभर अंतरावर रिंगा मारून. बूम तात्पुरती बांबूची. बांबू भोक पाडलं की फाटतो, म्हणून सगळं वेढे घालून बांधायचं.

३० डिसेंबर

कच्चं शीड झालं. धानाचा चुकारा आला नाही, खरं कापड पुढच्या महिन्यात.

११ जानेवारी

कड बुमला बांधून पहिली फेरी. सकाळी पाणी अगदी निवांत, दहानंतर ईशान्येचा हलका वारा. वाऱ्याला पाठ देऊन जाताना ठीक. वाऱ्याकडे तिरकं चढायला लागलो तर शिडाचा खालचा तिसरा हिस्सा नुसता पाटा, वर मात्र पोट. वेढे सैल करून पाहिले, तर कड प्रत्येक रिंगेपाशी वर ओढली गेली आणि तिथे तिथे सुरकुत्या आल्या. कन्हान-वैनगंगेतून येणाऱ्या जलपर्णीचा एक पट्टा सेंटरबोर्डला अडकला, तो काढण्यात बराच वेळ गेला. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून इथवर येतं, तिच्या खतावर ही माजते. शिडाच्या वहीत याची जागा नाही, तरी लिहिलं.

१८ जानेवारी

संक्रांत आटोपून दुसरी फेरी, कड मोकळी. वारा साधारण तसाच. कोपरा बोटभर आत, पोट लगेच खालपर्यंत भरलं आणि होडी उचलून चालल्यासारखी झाली. दुपारी मधूनच जोराचे झोत आले. पुतण्याने आउटहॉल ओढला आणि खालचा भाग सपाट झाला, होडी कलली ती परत सरळ झाली. सुकाणू माझ्या हातात होतं, ते एकदम हलकं पडलं.

त्रास एकच, पण लिहायला हवा. शीड उतरवताना बांधलेल्या कडेचं शीड बुमवर आपसूक घडी होऊन बसतं. मोकळं शीड सगळं घसरून केबिनवर आणि आमच्या डोक्यावर येतं. ढिवरांचे डोंगे जवळच होते, त्यांची करमणूक झाली. डोलकाठीपासून बुमपर्यंत दोन्ही बाजूंना बारीक दोऱ्या, लेझी-जॅक, बांधाव्या लागतील. तेवढी किंमत मान्य.

२६ जानेवारी

एका जुन्या सहकाऱ्याशी फोनवर तासभर. आम्ही दोघे नौदलात एकाच वर्कशॉपला होतो, त्याची होडी आता कोकणात असते. त्याचा पक्ष बांधलेल्या कडेचा, आणि मुद्दे तीन.

पहिला, कड आणि बूम यांच्यातल्या फटीतून दाबाखालची हवा पलीकडे निसटते, जोर जातो. खरं आहे. पण खालचा भाग पाटा राहिल्याने जो जोर जातो त्यापुढे हे नुकसान किरकोळ, आणि मी शर्यतीला उतरत नाही.

दुसरा, बांधलेल्या कडेमुळे ताण बुमच्या सबंध लांबीवर वाटला जातो, मोकळ्या कडेत तो दोन टोकांवर येतो आणि बूम मोडू शकते. हा मुद्दा सगळीकडे ऐकू येतो, म्हणून त्यावर थांबलो. शिडावरचा मोठा ताण मागच्या उभ्या कडेतून खाली उतरतो आणि तो मागच्या कोपऱ्यातच येतो, खालची कड बांधलेली असो वा नसो. त्याला म्हटलं, वारा वाढला की तू काय करतोस? रीफ घेतो, म्हणाला. म्हणजे शीड काही हात खाली उतरवून वरच्या रिंगा बुमला आणतोस. मग त्या वेळी तुझ्या शिडाची नवी खालची कड कशाने धरलेली असते? पुढचा कोपरा, मागचा कोपरा, बास. मधल्या दोऱ्या नुसतं लोंबणारं कापड गोळा करायला असतात. त्यांच्यावर ताण आला तर कापड तिथे फाटतं. म्हणजे असं रीफ घेतलेलं कुठलंही शीड मोकळ्या कडेचंच असतं, आणि बुमने सर्वांत वाईट वारा त्याच अवस्थेत सोसायचा असतो. तिथे बूम टिकते, तर भर शिडाला हलक्या वाऱ्यात का मोडेल?

तो थोडा वेळ गप्प राहिला, मग तिसऱ्या मुद्द्यावर गेला: मोकळी कड फडफडते. याला उपाय आहे, कडेच्या दुमडीत बारीक दोरी घालून ती जराशी ताणायची. हा सल्ला त्याच्याकडूनच घेतला.

रीफवरून एक आणखी फायदा लक्षात आला. रीफची दोरी मागच्या रिंगेतून खाली येऊन बुमभोवती बांधायची असते. मोकळ्या कडेत ती कड आणि बूम यांच्यामधून सरळ जाते. खाचेत बसवलेल्या कडेत तिच्यासाठी शिडाला भोक पाडावं लागतं.

३ फेब्रुवारी

निर्णय: मोकळी कड. आता भाऊंचा प्रश्न, कोपरा.

ढोबळ हिशोब मांडला. सेकंदाला १० मीटर, म्हणजे तासाला ३६ किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला ६० न्यूटन दाब देतो. १० चौरस मीटरला ६०० न्यूटन, साठेक किलो वजनाएवढा. शिडाच्या आकारामुळे थोडा जास्तच धरावा. पण कापडातला ताण याहून पुष्कळ जास्त असतो, कारण उथळ कमानीतलं कापड जितकं सपाट तितका तोच दाब पेलायला त्याला अधिक ताणावं लागतं. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट. उन्हाळ्यात इकडे दुपारचं वादळ काही मिनिटांत येतं, तेव्हा कोपरा या हिशोबाच्या कित्येक पट मजबूत हवा.

कोपऱ्यावर ताण दोन दिशांनी येतो: मागे आणि वर. आउटहॉल फक्त मागे ओढतो. वरची ओढ धरायला बुमभोवती पट्टा लागतो आणि तो पट्टा ताणाखाली असतानाही पुढे-मागे सरकला पाहिजे. मोकळ्या कडेचं सगळं यश या एका जागेवर अवलंबून आहे. बुमवरच्या रुळावर सरकणाऱ्या विकतच्या गाड्या महाग आहेत. मी बारीक पॉलिएस्टर दोरीचे वेढे रिंगेतून बुमभोवती घालणार, आणि बुमच्या त्या वीतभर भागावर पातळ पितळी पत्रा. भंडाऱ्यात पितळेचं काम अजून होतं. एका कासाराने पत्रा बुमच्या गोलाईवर ठोकून दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या. पितळ आणि मेण, दोरी सुरेख सरकते.

१५ फेब्रुवारी

कापड मुंबईहून आलं. चौरस मीटरला साधारण २६० ग्रॅमचं, कडक, हातात घेतलं की कागदाचा आवाज. शाळेचा हॉल रविवारपुरता मिळाला, तिथे पूर्ण आकार जमिनीवर आखला. खालच्या कडेला मधोमध १२ सेंटिमीटर गोलाई दिली. बुमला बांधायची नसल्याने ती हवी तेवढी देता येते, फक्त बुमवर घासणार नाही एवढं पाहायचं. पुढची कड डोलकाठीपेक्षा किंचित बाहेर फुगवली आणि पट्ट्यांचे जोड टोकाशी रुंद शिवले, शिडाचं पोट यातूनच येतं.

पहिला रीफ पुढच्या कडेवर ९० सेंटिमीटर वर, दुसरा १ मीटर ९० वर. त्रिकोणाच्या हिशोबाने पहिल्याने क्षेत्रफळ सुमारे पाऊण राहतं, दुसऱ्याने निम्म्याच्याही किंचित खाली.

२८ फेब्रुवारी

शिवण. भाऊंच्या मशीनवर सरळ टाका होता. शिडाला झिगझॅग लागतो, कापड ताणलं की सरळ टाका तटतो. त्यांनी भावकीतल्या कोणाचं तरी मशीन आणलं. जोड आधी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने धरले, मग दोन ओळी. धागा पॉलिएस्टरचा, जाड. कडक कापडात धागा रुतत नाही, वर उभा राहतो, म्हणून ऊन आणि घासणं आधी त्यालाच खातं. भाऊ म्हणाले, "दोन वर्सांनं घेऊन या जी, धागा तपासून देतो." लिहून ठेवलं.

मागच्या कोपऱ्याचे थर एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, म्हणजे ताण एकाच रेषेवर तुटत नाही. शेवटच्या थरांपाशी सुई मोडायला लागली. तिथून पुढे हातशिवण: स्टीलची रिंग, दोन्ही बाजूंना रुंद पट्टे तीन दिशांना पसरलेले, बाजारातल्या मोचीदादाच्या आरीने भोकं पाडून मेणाच्या धाग्याने शिवलेले. दोन्ही रीफांच्या मागच्या कोपऱ्यांना तेवढेच थर दिले. तिथे काटकसर करायचा मोह होतो, आणि वादळात काम तेच करणार असतात.

१२ मार्च

बूम सागवानाची, आतून पोकळ चौकोनी, कडा गोल केलेल्या. खाच नाही, रूळ नाही. पुतण्याचा आग्रह अजून बांबूचा. "काका, एवढी पोकळ करत बसण्यापेक्षा बांबू पोकळच येतो ना!" बांबूची बूम सुटी म्हणून होडीत ठेवणार, हे त्याला कबूल केलं. शीड ओढायची मुख्य दोरी बुमच्या मधून न घेता मागच्या टोकाकडून घेतली, म्हणजे कोपऱ्याचा ताण आणि दोरीची ओढ एकाच जागी येतात आणि बूम मधे वाकत नाही. आउटहॉल तीन पदरी, पुढे डोलकाठीजवळ क्लीटमध्ये, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीत. बसल्या जागेवरून हात पोचतो. पदरावर काळ्या धाग्याने खुणा केल्या: सपाट, मधलं, भरलेलं.

२३ मार्च

खऱ्या शिडाने पहिली फेरी. पाणी कालव्यांना सुटल्याने काठ मागे सरकलेत, उतरायला चिखल तुडवावा लागला. दुपारी पश्चिमेचे तुटक झोत. भरलेल्या खुणेवर सुरुवात, मग सपाट, मग पहिला रीफ. रीफची दोरी फटीतून सरळ गेली, दोघांनी मिळून काही मिनिटांत बांधली. पितळी पत्र्यावरचे वेढे भर ताणातही सरकले. कडेची दोरी ताणल्यावर फडफड थांबली, पण जास्त ताणली की कड आत वळते आणि शिडाच्या खाली पन्हळ तयार होतो, तेव्हा अगदी हलकेच.

उरलेली कामं: लेझी-जॅकच्या दोऱ्या बुमवर अजून एक हात पुढे बांधायच्या, शीड अजून पुढून घसरतं. दुसऱ्या रीफची दोरी आखूड आहे, मीटरभर लांब नवी घ्यायची. बुमवरून शीड झाकायची खोळ भाऊ ताडपत्रीची करून देणार. पितळेच्या पत्र्याचे मागचे दोन स्क्रू दोरीला लागतात, ते आणखी खोल बसवायचे.